सेशन तुटलं म्हणजे व्यवहार तुटला असं नाही : टर्मिनल नेमकं कुठं अडकलंय ते कसं शोधायचं?



दुकानदार मित्रांचे मला सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात. "सर, मशीन चालेना. सेशन एक्स्पायर्ड म्हणतंय. आता काय करू?" बँकिंग पॉइंटवाले विचारतात, रेशन दुकानवाले विचारतात, ऑनलाइन सेवा केंद्रवाले विचारतात. परवा तर पुण्यात आयटी कंपनीच्या सपोर्टला लागलेल्या आपल्याच गावच्या एका पोरानं विचारलं, "दादा, आमच्याकडं मेनफ्रेमचं टर्मिनल गेटवेवरून सारखं तुटतंय. कुठून बघायला सुरुवात करू?"

दुकान छोटं असो की कंपनी मोठी, दुखणं एकच आहे आणि ते शोधायची पद्धतही एकच आहे. व्हिडिओत बसलं तेवढं सांगितलंय. इथं सविस्तर लिहितोय, म्हणजे प्रिंट काढून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल. मी इंजिनिअर नाही. माझं बीबीए झालंय आणि लासूर स्टेशनला माझं दुकान आहे. जे शिकलो ते काउंटरवर उभं राहून, थोडं मार खाऊनच शिकलो.

आधी माझी चूक ऐका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक मावशी आधारवर पैसे काढायला आल्या. पाच हजार पाहिजे होते. अंगठा लावला. स्क्रीनवर ते गोल चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटी 'रिक्वेस्ट टाइम आउट'.

मी सवयीनं म्हणालो, "मावशी, सर्व्हर डाउन आहे. परत लावा अंगठा."

दुसऱ्या वेळेला झालं. पाच हजार मोजून दिले, पुढचं गिऱ्हाईक घेतलं, विसरून गेलो.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. मोबाइल माझ्यापुढं धरला. पाच-पाच हजार कापल्याचे दोन मेसेज.

"दादा, आईला पाचच दिले ना तुम्ही? मग हे दुसरे पाच कुठं गेले?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. पण मागं चार गिऱ्हाइकं उभी होती आणि चारही माझ्याकडंच बघत होती. आधारच्या व्यवहारात लोकांना परत परत अंगठा लावायला लावून पैसे लाटणारे आहेत, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी तसं केलं नव्हतं. पण माझ्याकडं दाखवायला काय होतं? पहिल्या व्यवहाराची पावती नाही, नंबर लिहिलेला नाही, काहीच नाही.

मी गल्ल्यातून पाच हजार काढून दिले आणि तक्रार टाकली. सहाव्या दिवशी खात्यात रक्कम परत जमा झाली, आणि मावशी स्वतः येऊन माझे पाच हजार देऊन गेल्या. माझं नशीब चांगलं होतं. तुम्हीही गल्ल्यातून द्या असं मी म्हणणार नाही, कारण दर वेळेला मावशी भेटतीलच असं नाही.

माझी चूक कोणती होती? सर्व्हर अडकला ही माझी चूक नव्हती. माझी चूक ही, की स्क्रीनवर निरोप आला नाही म्हणजे तिकडं काही झालंच नाही असं मी धरून चाललो.

सेशन वेगळं, व्यवहार वेगळा

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा धडा झाला.

समजा तुम्ही अडत्याला फोन लावला. "भाऊ, पाच गोण्या पाठवा" म्हणालात आणि तेवढ्यात फोन कट झाला. आता तीन शक्यता आहेत. तुमचं बोलणं त्याला ऐकूच गेलं नाही. किंवा ऐकू गेलं, पण त्यानं 'नाही' म्हटलेलं तुम्हाला ऐकू आलं नाही. किंवा ऐकू गेलं, त्यानं गोण्या गाडीत चढवल्यासुद्धा, फक्त त्याचं 'हो' तुमच्यापर्यंत पोचलं नाही.

तुमच्या बाजूनं तिन्ही वेळेला एकच दिसतं, फोन कट झाला. आता परत फोन लावून तुम्ही पुन्हा "पाच गोण्या पाठवा" म्हणालात, तर दहा येऊ शकतात. शहाणा माणूस परत फोन लावून आधी विचारतो, "मघाचं ऐकलं का?"

फोन म्हणजे सेशन, आणि गोण्या म्हणजे व्यवहार. फोन तुटल्यानं गाडीत चढलेल्या गोण्या खाली उतरत नाहीत.

आपल्या काउंटरपासून मोठ्या कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता

कुठलंही टर्मिनल घ्या. मध्ये तीन मुक्काम असतात.

पहिला मुक्काम टर्मिनल, म्हणजे तुमच्या हातातलं मशीन किंवा समोरची स्क्रीन. दुसरा गेटवे. हा मधला दरवाजा. बाहेरून येणारी शेकडो टर्मिनलं हा आत घेतो, त्यांची भाषा आतल्या भाषेत बदलतो, कोण कुठल्या जागेवर बसलंय ते लक्षात ठेवतो. तिसरा होस्ट, म्हणजे खरी वही जिथं आहे तो मोठा कॉम्प्युटर. बँकेचं खातं, गाडीची सीट, रेशनचं धान्य, सगळ्याची शेवटची नोंद तिथं.

आपल्याला रोज दिसणारं उदाहरण म्हणजे रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी. खिडकीतला बाबू जे बटण दाबतो त्याचं उत्तर त्याच्या टेबलावर तयार होत नाही. आपलं लासूर स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. कॉम्प्युटरवर आरक्षण द्यायला देशात दिल्लीहून १९८५ मध्ये सुरुवात झाली. पुढं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच मोठी केंद्रं उभी राहिली. सुरुवातीला प्रत्येक केंद्राची वही वेगळी होती. रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेनं 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली तयार केली. ती सगळ्यात आधी १९९४ मध्ये सिकंदराबादला चालू झाली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं.

ती यंत्रं डिजिटल कंपनीची होती. काटेकोर बोलायचं तर आयबीएमच्या अर्थानं ते मेनफ्रेम नव्हे. पण त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खिडकी आणि मुख्य वही यांच्यामध्ये 'रिलायेबल ट्रान्झॅक्शन राउटर' नावाचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. त्याचं काम हेच, की मध्येच लाइन गेली तरी व्यवहार एकतर पूर्ण व्हावा नाहीतर अजिबात होऊ नये. सीट गेली आणि तिकीट नाही असं अर्धवट राहू नये. म्हणजे लाइन तुटणार हे गृहीत धरूनच मोठी माणसं व्यवस्था बांधतात. आपणही काउंटर तसाच बांधायचा.

पाच पायऱ्या : खालून वर चढायचं

सेशन तुटलं की "का चालेना?" असा प्रश्न विचारू नका. "कुठपर्यंत पोचलं?" असा विचारा. पहिल्या प्रश्नाला शंभर उत्तरं आहेत, दुसऱ्याला पाचच.

पायरी १ : आधी दोन प्रश्न, मशीनला हात न लावता.

एक, हे फक्त माझंच आहे की सगळ्यांचं? शेजारच्या केंद्राला फोन करा. त्याच्याकडं वेगळी कंपनी आणि वेगळं सिम असेल तर अजून चांगलं. दोघांचंही बंद असेल तर तुमच्या वायरी उपसून उपयोग नाही.

दोन, आत्ता किती वाजलेत? बऱ्याच मोठ्या यंत्रणा रात्री हिशोब बंद करून उघडतात. रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण रात्री पावणेबाराच्या सुमाराला काही वेळ बंद असतं, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ठरलेल्या वेळेला रोज तुटत असेल तर तो बिघाड नसतो, ते वेळापत्रक असतं.

पायरी २ : माझं टेबल.

अंगठ्याचं मशीन लावलंय, दिवा लागतोय, तरी चालत नाही? तर 'आरडी सर्व्हिस' चालू आहे का बघा. अंगठ्याचं मशीन आणि तुमचं अ‍ॅप यांच्यात बोलणं करून देणारा हा छोटा प्रोग्रॅम असतो. कॉम्प्युटरवर तो ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर बसतो. त्याची स्थिती 'रेडी' असेल तर ठीक, 'नॉट रेडी' असेल तर पुढं जाऊच नका. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं ती जागा अडवली असेल किंवा अँटीव्हायरसनं त्याला दाबून ठेवलं असेल, तरीसुद्धा असं होतं.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरची तारीख आणि वेळ. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की लाइट जाऊन आल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागं जाते. मग सुरक्षित जोडणीला सर्व्हरचं प्रमाणपत्र चुकीचं वाटतं आणि सेशन उघडतच नाही. मी एका मित्राचा अख्खा दिवस या कारणानं वाया गेलेला बघितलाय. बॅटरी किरकोळ पैशाची, आणि दिवसभराची गिऱ्हाइकी गेली.

पायरी ३ : रस्ता.

ब्राउजरमध्ये दुसरी वेबसाइट उघडते का? उघडत असेल तर नेट आहे. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तेच काम करून बघा. हॉटस्पॉटवर चाललं आणि ब्रॉडबँडवर नाही, तर दोष ब्रॉडबँडच्या रस्त्यात आहे. हॉटस्पॉटवरही नाही चाललं तर रस्ता सोडा, पुढं चला.

पण मधल्या पिंगवर फार विसंबू नका. पिंग म्हणजे घराबाहेरून "कोणी आहे का?" असं ओरडणं. आतून "हो" आलं म्हणजे दार उघडं आहे असं होत नाही. उलट काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, आणि तरी दार उघडं असतं.

पायरी ४ : गेटवे.

लॉगिन होतं, मेनू दिसतो, पण काम सुरू केलं की बाहेर फेकतो. इथं बहुतेक वेळेला मधला दरवाजा अडकलेला असतो. कारणं साधी असतात. तोच आयडी दोन टॅबमध्ये किंवा दोन कॉम्प्युटरवर उघडा आहे. मघाशी तुम्ही लॉग आउट न करता खिडकी बंद केली, त्यामुळं गेटवेच्या वहीत तुम्ही अजून आतच आहात. किंवा चहा प्यायला गेलात आणि रिकामं बसल्याची मुदत संपली.

उपाय : सगळे टॅब बंद करा, नीट लॉग आउट करा, थोडा वेळ थांबा, मग एकाच ठिकाणी उघडा. आणि एक सांगतो, आपला आयडी दुसऱ्याला वापरायला देऊ नका. सेशन तुटतं ते तर आहेच, पण त्या आयडीवरच्या प्रत्येक व्यवहाराला जबाबदार तुम्ही असता.

पायरी ५ : होस्ट.

तुमचं म्हणणं आतपर्यंत पोचलं आणि आतून उत्तर आलं, पण ते 'नाही' असं आलं. इथं कोड वाचायला शिका. कार्ड आणि बँकेच्या यंत्रणांमध्ये सगळीकडं जवळपास तीच जुनी कोडची पद्धत आहे. ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. ६१ म्हणजे काढायची मर्यादा ओलांडली. ५५ म्हणजे पिन चुकला. ६८ म्हणजे उत्तर उशिरा आलं. ९१ म्हणजे गिऱ्हाइकाची बँक किंवा मधला स्विच बंद आहे. आधारच्या बाजूनं ३०० म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही, आणि ३३० म्हणजे आधारधारकानंच बायोमेट्रिक लॉक केलंय.

आता नीट बघा. ५१, ६१, ५५, ३००, ३३० हे बिघाडच नाहीत. यंत्रणा व्यवस्थित चालू आहे आणि तिनं नकार दिलाय. इथं मशीन बंद-चालू करून काहीही होणार नाही. कापूस वेचून, भांडी घासून ठसे झिजलेल्या बाईला ३०० आलं तर बोट पुसून दुसरं बोट लावा. ३३० आलं तर लॉक काढायला सांगा. ९१ आलं तर थांबा. खरा धोका ६८ मध्ये आणि 'टाइम आउट'मध्ये आहे, कारण तिथं उत्तर काय होतं तेच आपल्याला माहीत नसतं.

आता आपल्या आयटीवाल्या पोरांसाठी

पुण्या-मुंबईत बँका, विमा आणि विमान कंपन्यांच्या सपोर्टला लागलेली आपली मुलं बरीच आहेत. तिथं आजही काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं असलेली टर्मिनलं भेटतात. आयबीएमची ३२७० ही टर्मिनलांची मालिका १९७१ ची. नेहमीची स्क्रीन २४ ओळी आणि ८० अक्षरांची. आता ते जुनं यंत्र टेबलावर नसतं, त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम असतो, आणि तो टीएन-३२७० नावाच्या पद्धतीनं गेटवे सर्व्हरमार्फत मेनफ्रेमशी बोलतो. तुमच्या पाच पायऱ्या त्याच, फक्त नावं वेगळी.

जोडणीच होत नाही : पिंग करून थांबू नका, पोर्ट तपासा. साधी जोडणी बहुधा २३ नंबरच्या पोर्टवर असते आणि सुरक्षित जोडणी ९९२ वर. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' कमांडला पत्ता आणि पोर्ट दिला की दार उघडं आहे का बंद ते कळतं. सुरक्षा विभागानं २३ बंद करून ९९२ चालू केलं आणि टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जुनाच नंबर राहिला, हे नेहमीचं कारण.

जोडणी होते, पण स्क्रीन काळीच : गेटवेपर्यंत पोचलात, पुढं जागा मिळाली नाही. मेनफ्रेमच्या बाजूला प्रत्येक टर्मिनलला एक जागा लागते, तिला एलयू म्हणतात. एसटीच्या सीटसारख्या त्या मोजक्याच असतात. सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा एलयूचा साठा संपतो. पहिल्या शंभरांचं चालतं, एकशे एकाव्याचं नाही. म्हणून "माझ्याकडं तर चालतंय" हे शेजारच्याचं म्हणणं इथं पुरावा नाही.

जेवून आलं की तुटलेलं असतं : मधल्या फायरवॉलनं रिकामी बसलेली जोडणी गुपचूप काढून टाकली. विंडोजमध्ये 'जिवंत आहेस का' असं विचारण्याची मूळ मुदत दोन तासांची आहे. फायरवॉलची मुदत त्याहून कमी असेल तर टर्मिनलला पत्ताच लागत नाही. गेटवेलाही वाटतं माणूस बसलेला आहे, आणि ती एलयू अडकून राहते. जागा कमी पडण्याचं मूळ बऱ्याचदा या भूतसेशनांत असतं. उपाय म्हणजे विचारण्याची मुदत फायरवॉलपेक्षा कमी ठेवणं.

खाली 'एक्स सिस्टिम' दिसतं आणि कीबोर्ड लॉक : जोडणी ठीक आहे. तुमची मागणी आत गेलीय आणि होस्टनं अजून कीबोर्ड मोकळा केलेला नाही. इथं खिडकी बंद करायची घाई करू नका. आत काम चालू असू शकतं. माझ्या मावशींचा व्यवहार आठवा.

आणि एक कळकळीचं सांगणं. गेटवे सर्व्हर रीस्टार्ट करणं हा शेवटचा उपाय ठेवा. तुमच्या एका टर्मिनलसाठी तुम्ही दरवाजा पाडला तर आत अर्धा व्यवहार चालू असलेले बाकीचे सगळेही तुटतात. आधी त्या एका माणसाचं सेशन सोडवा. रीस्टार्ट करायचाच असेल तर आधी लॉग उतरवून ठेवा. नाहीतर तासाभरात तेच दुखणं परत येईल आणि पुरावा पुसलेला असेल.

व्यवहार मध्येच अडकला तर काउंटरवर काय करायचं

हा भाग पाठ करा.

एक. दुसऱ्यांदा पैसे काढायचा व्यवहार टाकू नका. गिऱ्हाइकाला घाई असली तरी नाही.

दोन. अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती बघा. तिथं कळलं नाही तर पाच-दहा मिनिटं थांबून मिनी स्टेटमेंट काढा. त्याला अंगठा परत लागतो, पण त्यात पैसे हलत नाहीत. हे गिऱ्हाइकाला तोंडानं सांगा आणि स्क्रीन त्यांच्याकडं फिरवून दाखवा.

तीन. आरआरएन नंबर लिहून घ्या. बारा आकड्यांचा असतो. पोलिसात जसा गाडीचा नंबर लागतो तसा बँकेत हा लागतो. तो नसेल तर तुमची तक्रार म्हणजे "एक पांढरी गाडी होती" एवढीच.

चार. फसलेल्या व्यवहाराचीही पावती द्या. छापली गेली नाही तर हातानं लिहून, तारीख, वेळ, रक्कम, सही, शिक्का टाकून द्या.

पाच. पैसे कापले गेलेले दिसले तर त्याच दिवशी तक्रार टाका आणि गिऱ्हाइकालाही त्यांच्या बँकेत सांगायला लावा.

नियम काय म्हणतो ते माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला परिपत्रक काढून फसलेल्या व्यवहारांची मुदत ठरवून दिली आणि ती १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. आधारवरच्या व्यवहारात खात्यातून पैसे गेले आणि दुकानात खात्रीचा निरोप आला नाही, तर व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांच्या आत ते दुरुस्त व्हायला पाहिजेत. एटीएम आणि मायक्रो एटीएममध्ये पैसे कापले पण नोट हातात आली नाही, तरी पाच दिवस. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना अडकलं तर पाच दिवस, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवताना अडकलं तर एक दिवस. त्याच्या पुढं उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराला मिळायला पाहिजे. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

ही माहिती गिऱ्हाइकाला सांगा. "येतील हो पैसे, काळजी करू नका" असं म्हणू नका. "मावशी, पैसे कापलेले दिसतायत. हा नंबर. आज बुधवार आहे, पुढच्या सोमवारपर्यंत ते परत यायला पाहिजेत. मंगळवारी ही चिठ्ठी घेऊन माझ्याकडं या, नाही आले तर आपण पुढची तक्रार करू." एवढं बोललात तर माणूस शांतपणे घरी जातो. तारीख आणि कागद दिला की भांडण होत नाही, हा माझा अनुभव आहे.

एक वही ठेवा

साधी दोनशे पानी वही घ्या. सहा रकाने आखा : तारीख-वेळ, काय काम, स्क्रीनवर नेमकं काय आलं, कुठल्या पायरीवर अडकलं, आरआरएन, शेवटी काय झालं.

'नेमकं काय आलं' मध्ये "चालेना" असं लिहायचं नाही. अक्षर न् अक्षर लिहा किंवा फोटो काढा. महिन्याभरानं पानं चाळा. माझ्या वहीत महिन्याभरातल्या बऱ्याच नोंदी दुसऱ्या पायरीच्या निघाल्या. म्हणजे दोष सर्व्हरचा नव्हता, माझ्या टेबलावरचा होता. सैल यूएसबी वायर! वायर बदलली आणि रोजची निम्मी कटकट संपली. वही नसती तर मी अजून सर्व्हरलाच शिव्या देत बसलो असतो.

दुकानात मुलगा कामाला ठेवला असेल तर त्यालाही ही वही लिहायला लावा. "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य दुकानात बंद करा. माझ्याकडं आता नियम आहे, सर्व्हर डाउन म्हणायचं असेल तर आधी पायरी नंबर सांगायचा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. शेजारच्या दोन केंद्रचालकांचे नंबर काउंटरवर लिहून ठेवा, पहिल्या पायरीसाठी.

२. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, वायर काढून परत चालू करा आणि तारीख बरोबर राहते का बघा.

३. तुमच्या अ‍ॅपमध्ये व्यवहाराची स्थिती बघायचं बटण कुठं आहे ते गर्दी नसताना शोधून ठेवा. बाजाराच्या दिवशी सापडत नाही.

४. अर्धवट व्यवहाराच्या चिठ्ठीचा नमुना तयार करून त्याच्या पन्नास प्रती काढा.

मावशी अजून माझ्याकडंच येतात. परवा परत टाइम आउट आलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "थांब बाबा, आधी वही काढ." मिनी स्टेटमेंट काढलं, पैसे कापलेले नव्हते. मग दुसऱ्यांदा अंगठा लावला आणि त्यांच्या हातात पैसे मोजून दिले.

तुम्हीही आधी वही काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.